पिन दाखवून झाल्यावर

पप्पा गेले त्याला महिना होऊन गेला होता आणि मला अजून रडू आलेलं नव्हतं. लोकांनी वाट पाहिली, नाही असं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका माझ्या शेजारी बसायच्या, आधी स्वतः डोळे पुसायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. मी उठून त्यांना पाणी आणून द्यायचे. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं झालं होतं. दुखत काहीच नव्हतं. बाकी सगळं चालू होतं, डबा, रिक्षा, ड्युटी, सासूबाईंच्या गोळ्या.

मी लोहगाव विमानतळावर रॅम्पवर काम करते. रॅम्प म्हणजे जिथं विमानं उभी राहतात ती सिमेंटची मोकळी जागा. प्रवाशांना बसच्या काचेतून झगझगीत जाकिटं घातलेली काही माणसं उन्हात उभी दिसतात आणि ती काय करतात हे कुणाला कळत नाही. त्यांतली एक मी. माझ्या आधीपासून पप्पाही तिथंच होते. पुढच्या वर्षी रिटायर व्हायचे होते. एप्रिलमध्ये एका सकाळी ड्युटीला जायला उठले नाहीत, एवढंच झालं.

पप्पा कामाला लागले तेव्हा लोहगावला दिवसातून मोजकी विमानं यायची. टर्मिनल म्हणजे नुसता एक हॉल होता. ते म्हणायचे, स्वारगेटला सुट्टीच्या दिवशी यापेक्षा जास्त माणसं मुताऱ्यांच्या रांगेत उभी असतात. धावपट्टी तेव्हाही हवाईदलाची होती आणि आजही आहे. इंग्रजांनी महायुद्धाच्या वेळी बांधली, पुढं ती आपल्या हवाईदलाकडे आली आणि प्रवासी विमानं तिथं भाडेकरू म्हणून राहायला आली. पुण्यातल्या घरमालकाकडे भाडेकरू म्हणून राहणं काय असतं ते पुणेकराला सांगायला नको. त्यांची लढाऊ विमानं निघाली की आपली थांबतात. त्यांनी धावपट्टी दुरुस्तीला काढली की आपण बॅगा उचलून मुंबई गाठायची. फोटो काढायचा नाही, कुठं बघायचं नाही, आवाज करायचा नाही. आवाज करायचा तो त्यांनी. आता नवं टर्मिनल झालंय, कमानी आहेत, काचा आहेत, फोटो काढणाऱ्यांची झुंबड आहे. धावपट्टी मात्र तीच.

पिनेचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. विमान जागेवरून स्वतःहून मागे जात नाही, ट्रॅक्टर त्याला ढकलतो. ढकलत असताना पुढच्या चाकाशी एक पिन घातलेली असते, तिला लाल फीत असते. ढकलून झालं की ती काढायची, बाजूला लांब जाऊन उभं राहायचं आणि पायलटला दिसेल अशी उंच धरायची. म्हणजे, ही बघ, काढली, आता चाक तुझ्या ताब्यात. पायलट हात दाखवतो, आपण अंगठा दाखवतो आणि आपलं काम संपतं.

पप्पांचं तिथं संपत नसे. अंगठा दाखवून झाला की ते पिन काखेत धरायचे आणि हात हलवायचे. पायलटला नव्हे, खिडक्यांना. रोज, प्रत्येक विमानाला, पावसातसुद्धा. बाकीचे चिडवायचे, "काय भीमराव, पोरगी सासरी चालली का?" पप्पा म्हणायचे, "माणसं आपल्या गावातून चाललीत. कुणीतरी हात करायला नको?" मी कधी केला नाही. ते नियमात नाही, आणि पुढचं विमान वाट बघत असतं. पप्पा घरी जाऊन आईला सांगायचे, "तुझी लेक पिन दाखवते आणि पाठ फिरवते. जसं काही विमानानं तिचं काही चोरलंय." आई हसायची. मी चिडायचे. आमच्या घरात माझा तो मुख्य उद्योग होता.

आमचं घर विश्रांतवाडीत. म्हणजे माहेर, मी खडकीला राहते, नवऱ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. विश्रांतवाडीचं घर धावपट्टीच्या पश्चिम टोकाच्या पुढं आहे. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडतं. वारा पश्चिमेचा असला की उडालेली विमानं आमच्या गच्चीवरून जातात, इतकी खालून की त्यांच्या अंगावरची अक्षरं वाचता येतात आणि टीव्हीतलं काही ऐकू येत नाही. वारा फिरला की उलटा कारभार. तेव्हा उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून येतात आणि उडणारी तिकडं वाघोलीच्या अंगानं निघून जातात.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ संजय, पहिल्यांदा विमानानं गेला तो नोकरीच्या मुलाखतीला. आईला काही विमानतळावर यायचं नव्हतं. दारात निरोप द्यायलाही तिला जमत नाही, कुणी निघालं की ती आत भांडी घासायला लागते. तेव्हा पप्पांनी तोडगा काढला. "मी खालून हात करतो, तू गच्चीवरून चादर हलव. पोराला दोन्ही दिसेल." आईनं लग्नातली पिवळी सोलापुरी चादर काढली. त्या चादरीचं वजन ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल ती हलवणं काय काम आहे. शेजारचे म्हणायचे, चंपाबाईंचं धुणं उडालं बघा. दादानं तिकडं उतरल्यावर फोन केला, "आई, दिसलीस गं." आई म्हणाली, "बरं झालं."

पुढं दादा बंगळूरला नोकरीला लागला आणि हे दर वेळचं झालं. तो सुट्टीला यायचा, जायचा. पप्पा त्या विमानावर ड्युटी मागून घ्यायचे, आई चादर घेऊन गच्चीवर. रात्री फोन. दिसलीस गं. बरं झालं.

मला मात्र माहीत होतं की दादाला काही दिसत नव्हतं. चेक-इन काउंटरवरची राधा माझी मैत्रीण. ती एकदा सहज म्हणाली, "तुझा भाऊ किती उंच आहे ना, दर वेळी पॅसेजची सीट मागतो, पाय पसरायला." पॅसेजची सीट म्हणजे खिडकीपासून दोन माणसं पलीकडे. मी आईला बोलले नाही. चादर हलवायची हौस तिची, दिसली म्हणायची हौस त्याची, मी मध्ये कशाला पडू?

तर पप्पा गेले आणि आई एकटी राहिली. माझ्याकडे दोन खोल्या, त्यांत सासूबाई. दादानं ठरवून टाकलं की आईला बंगळूरला न्यायचं, कायमचं. आई महिनाभर नाही म्हणत होती. मग एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता म्हणाली, "येते मी. पण माझ्या दोन अटी आहेत."

"बोल," दादा म्हणाला.

"आपण जाऊ तेव्हा चादर गच्चीवर पाहिजे. गच्ची मोकळी टाकून मला जाता यायचं नाही."

"ओके. आणि?"

"आणि त्या विमानाची पिन हिनं दाखवायची." तिनं सुरीनंच माझ्याकडे दाखवलं.

मला वाटलं, पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून घाबरलीय, खाली आपलं माणूस असलं की धीर येईल. मी म्हटलं, "मी खाली असले तर वर चादर कोण हलवणार? कठड्याला बांधून ठेवते."

"बांधलेली चादर म्हणजे वाळत घातलेली चादर," आई म्हणाली. मग थोडा वेळ कांदा चिरला. "बरं, बांध. पण नीट पसरून बांध. आणि तू खाली राहा."

आता यात एक गोची होती, ती मलाच सांगावी लागली. त्या मे महिन्यात सीमेवर जे झालं त्यानंतर नियम आला होता. हवाईदलाच्या विमानतळांवर विमान उडताना आणि उतरताना सगळ्या खिडक्यांची शेड, म्हणजे आतला सरकता पडदा, खाली. वर, बऱ्याच उंचीवर गेल्याशिवाय कुणी ती उघडायची नाही. रोज मी हेच बघत होते. पिन उंच धरायची आणि समोरून सगळ्या खिडक्या मिटलेल्या. पप्पा त्यांनाही हात करत राहिले असते, याची मला खात्री आहे.

"म्हणजे मला काहीच दिसणार नाही?" आईनं विचारलं.

"काहीच नाही."

ती रडली नाही, चिडली नाही. चिरलेला कांदा तसाच ताटलीत ठेवून उठली आणि गच्चीवर जाऊन बसली. दादा माझ्यावर उखडला, "सांगायची काय गरज होती? आता ती कॅन्सल करेल सगळं. एक महिना मी तिला कन्व्हिन्स करतोय, लिव्ह संपली माझी!" त्याचं बरोबर होतं. आईनं नाही म्हटलं असतं तर ती त्या घरात एकटी राहिली असती, गुडघे धरून जिना चढत, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी फोन करत बसलो असतो. मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त कंटाळा आला.

पण डोकं चालू होतं. एक खिडकी उघडी असते. संकटकाळी बाहेर पडायचं दार पंखापाशी असतं, तिथल्या खिडक्यांची शेड बंद करत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी राधाला गाठलं.

"आईला त्या दाराजवळची डावी खिडकी देशील?"

राधानं माझ्याकडे पाहिलं. "काकूंना? वेळ आली तर ते दार उचलून बाहेर टाकावं लागतं, ताई. वयस्कर माणसाला नाही देता येत. तूच शिकवलंयस मला."

"आई भरलेला सिलिंडर उचलते."

"आणि गुडघे?"

"मग दादाला दे," मी म्हटलं. "तो उंच आहे, धडधाकट आहे, डोक्यानं थोडा कमी आहे, पण दार उघडेल."

हे मी घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "पंखावरची सीट? तिथून पंखच दिसतो नुसता."

"विमान डावीकडं वळतं तेव्हा पंख खाली जातो. तेव्हा गच्ची दिसते. एकदा बघ खिडकीतून. पाय नाही पसरता यायचे थोडा वेळ."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की मला माहीत आहे. "पण मग आई एकटी बसणार," तो हळू म्हणाला, "फर्स्ट टाइम आहे तिचा."

आई दारातून ऐकत होती. "बसते की. मला काय कुणी उचलून नेणार आहे? तू तिकडं बस आणि चादर बघ. वर गेल्यावर मला येऊन सांग."

असं ठरलं. आईनं मग दोन दिवस घर झाडून काढलं. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतली, बॅगेत द्यायला तयार नव्हती. पप्पांचं ड्युटीचं जाकीट मला दिलं. मी ते खडकीला नेऊन कपाटात ठेवलं. माझ्याकडे तसलंच एक होतं.

निघायच्या दिवशी मी सकाळी विश्रांतवाडीला गेले, चादर गच्चीच्या कठड्याला चारी कोपऱ्यांनी सुतळीनं बांधली, मधे विटा ठेवल्या. आकाश स्वच्छ होतं, वारा नेहमीसारखा पश्चिमेचा. डोक्यावरून एक विमान वर चढत गेलं. मी मान वर करून बघितलं, सगळ्या खिडक्या पांढऱ्या. आईला म्हटलं, "झालं बघ, वरून दिसेल अशी बांधली." आणि ड्युटीवर गेले. तिला जवळ घ्यावं वगैरे मनात आलं नाही. ती भांडी घासत होती.

त्यांचं विमान दुपारी होतं. त्याआधी माझ्याकडे दोन विमानं होती, त्यांच्या बॅगा, एक व्हीलचेअर, एका बाईचं राहिलेलं पाकीट. दुपारी पूर्वेकडून ढग चढले, वळवाचे, मे महिन्यात चढतात तसे. धूळ उडाली, कोणाची तरी टोपी गेली. मी जाकिटाची चेन लावली आणि काम करत राहिले. रॅम्पवर वाऱ्याची पिशवी असते, लाल पांढरी, ती बघूनच आमचा दिवस सुरू होतो. मी त्या दुपारी ती बघितली नाही. बघितली असेल तर डोळ्यांनी बघितली, डोक्यात शिरली नाही.

बस आली. दादा उतरला, मग आई. नवी कोरी साडी, काखेत पिशवी, शिडीपाशी येऊन तिनं विमानाकडे असं बघितलं जसं कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना दारावरची पाटी वाचतात. मग तिनं मला शोधलं. मी चाकापाशी उभी होते, कानाला हेडफोन, तिनं हात वर केला नाही, नुसती मान हलवली. मीही हलवली. दादानं तिचा हात धरला आणि ती दोघं आत गेली.

दार लागलं. शेड एकेक करून खाली आल्या. पंखापाशी एक खिडकी तेवढी उघडी राहिली. आत दादाचा चेहरा, काचेला अगदी चिकटलेला. शाळेच्या बसमधून जायचा तेव्हा असाच दिसायचा.

हेडफोनवर पायलटचा आवाज आला. ढकला, तोंड पश्चिमेला.

मी हो म्हटलं. जयसिंगला, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला, खूण केली. ट्रॅक्टर हलला आणि मी विमानाबरोबर चालायला लागले. अर्ध्या वाटेत मला कळलं की मी काय ऐकलं. तोंड पश्चिमेला, म्हणजे विमान धावपट्टीच्या पश्चिम टोकाला जाणार आणि तिथून पूर्वेकडं उडणार. वाघोलीच्या अंगानं. आमच्या घराच्या उलट. मी वळून वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. ती फुगून ताठ झाली होती, आणि उलटी.

रोज वाऱ्यावर काम करणारी बाई मी. चादर बांधली, विटा ठेवल्या, राधाच्या विनवण्या केल्या, भावाला जागेवरून उठवलं, आईला एकटं बसवलं, आणि वारा बघायचा राहिला. पप्पा असते तर सकाळीच म्हणाले असते, दुपारी ढग आहेत, भरवसा धरू नकोस.

विमान थांबलं. मी पिन काढली. बाजूला गेले, उभी राहिले, पिन उंच धरली. लाल फीत वाऱ्यानं माझ्याच तोंडावर आली. पायलटनं हात दाखवला. मी अंगठा दाखवला. मग दादाच्या खिडकीकडे बघितलं, त्याला काहीतरी सांगावं, नको बघत बसू म्हणून सांगावं, पण विमानाला काय सांगणार. विमान हललं. मी पाठ फिरवली आणि ट्रॅक्टरकडे चालू लागले. नेहमीसारखी.

विमान पश्चिमेच्या टोकाला गेलं, वळलं आणि पूर्वेकडं उडालं. ढगाच्या कडेनं गेलं. मी पुढच्या विमानाच्या बॅगा बघायला गेले. वाईट वाटतंय का, ते तपासून बघितलं. वाटत नव्हतं. फक्त कठड्यावरची ती चादर आठवत होती, जिच्यावरून आज कुणीच जाणार नव्हतं.

संध्याकाळी, अजून ऊन होतं, मी रॅम्पवरून आत येऊन चहा घेत होते तेव्हा फोन आला. दादा होता. मागे विमानतळाचा गोंगाट.

"पोचलो. आई एकदम ओके. अजिबात घाबरली नाही." मग आवाज जरा मोठा करून, आईला ऐकू जाईल असा, तो म्हणाला, "आणि चादर दिसली बरं का! पिवळी, एकदम क्लिअर. मी आईला लगेच जाऊन सांगितलं."

मी कप खाली ठेवला. तो खिडकीशी बसून, काचेला नाक लावून, वाघोलीची शेतं आणि गोदामं बघत गेला होता. त्यानं खरंच शोधली असणार. या वेळी खरंच.

"आईला दे," मी म्हटलं.

आईनं फोन घेतला. "हां, बोल. तो बॅगा घ्यायला गेलाय त्या पट्ट्यावर."

"कसं वाटलं?"

"बरंय. कान बंद झाले होते. शेजारचा मुलगा चांगला होता, त्यानं पट्टा लावून दिला." मग तिनं आवाज खाली आणला. "कल्याणी, आपलं विमान उलट्या बाजूनं गेलं ना गं?"

मी टेबलावर सांडलेला चहा बोटानं पुसला.

"आम्ही रिक्षात बसलो ना, तेव्हाच घरावरून एक विमान उतरायला आलं. म्हटलं, वारा फिरला. आता आपलं तिकडून जाणार. संजूला बोलले नाही मी. बिचारा एवढा खिडकीला बसला होता."

"मग तो आत्ता म्हणाला ते..."

"तो नेहमीच म्हणतो. मागं दोन-तीनदा वारा उलटा होता, मी गच्चीवर गेलेसुद्धा नव्हते. तरी फोन आला, आई दिसलीस." ती हसली. "तुझ्या पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, असू दे, पोरगं तेवढं तरी म्हणतंय."

"मग कशाला हलवायचीस ती जड चादर?" मी जोरात विचारलं. शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला लागली. "त्याला दिसत नाही हे माहीत होतं तर कशाला जायचीस वर?"

"त्याला कुठं हलवत होते मी?" आई म्हणाली. "पप्पा खाली असायचे ना तुझे. ते तिकडं हात करायचे आणि तेच विमान थोड्या वेळानं माझ्यावर यायचं. त्यांनी पाठवलं, मी घेतलं, असं. आम्हाला कुठं कधी बसायचं होतं त्यात. ते संध्याकाळी येऊन विचारायचे, आलं का गं बरोबर? मी म्हणायचे, आलं."

मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"म्हणून तुला म्हटलं, पिन तू दाखव," आई म्हणाली. "चादर काय, बांधली काय नि नाही काय. मी आत बसणार होते. म्हटलं, या वेळी मलाच खालून कुणीतरी पाठवलं पाहिजे. शेड बंद असू दे, मला माहीत असलं म्हणजे झालं." मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, मीठ घातलंस का विचारतात तसं, "केलास ना हात?"

पिन दाखवते आणि पाठ फिरवते. जसं काही विमानानं तिचं काही चोरलंय. पप्पांनी हे तिला किती वेळा सांगितलं असेल.

"केला," मी म्हटलं.

फोनवर थोडा वेळ तिकडचा गोंगाट ऐकू आला. कुणाची तरी बॅग पट्ट्यावरून खाली पडली असावी.

"बरं झालं," आई म्हणाली.

दादाला ती दर वेळी जे म्हणायची तेच, त्याच आवाजात, त्याच सावकाशपणे. मग ती म्हणाली की संजू आला, ठेवते, जेवून घे. आणि फोन बंद झाला.

मी चहा टाकून बाहेर आले. ढग न बरसता निघून गेले होते. पुढचं विमान भरून तयार होतं, नागपूरला जाणारं. जयसिंगनं ट्रॅक्टर लावला, मी हेडफोन घातले. पायलट म्हणाला, तोंड पूर्वेला. वारा पुन्हा फिरला होता. हे आमच्या घरावरून जाणार होतं, चादरीवरून. ढकलून झालं, मी पिन काढली आणि बाजूला जाऊन ती उंच धरली. पायलटनं हात दाखवला. मी अंगठा दाखवला.

मग मी पिन काखेत धरली आणि हात वर केला. पंखापाशी एक खिडकी उघडी होती, पण तिथली सीट रिकामी होती, बाकी सगळ्या मिटलेल्या. आत कोण होतं मला माहीत नव्हतं, आणि त्यांच्यातल्या कुणालाही मी दिसत नव्हते. गच्चीवर कुणी नव्हतं घ्यायला, तरी मी हलवत राहिले. गालावर काहीतरी ओलं आलं, आधी वाटलं पाऊसच आला. मग दुखायला लागलं, खूप, आतून, आणि पप्पा गेलेत हे मला तिथं, त्या सिमेंटवर, भर उजेडात कळलं.

"ताई," जयसिंगनं मागून हाक मारली, "चला की. पुढचं उभं आहे."

"थांब जरा," मी म्हटलं. "हे जाऊ दे."